विश्लेषण : लॅपटॉप स्टँड घेतला, तरी खांदे का दुखतात?

लॅपटॉपखाली ठेवायचे घडीचे स्टँड आता ऑफिसात, हॉस्टेलच्या खोल्यांत आणि घरातल्या जेवणाच्या टेबलावरही सर्रास दिसतात. मान दुखते म्हणून ते घेतले जातात. काही दिवस बरे वाटते, मग खांदे भरून येतात, मनगटे अवघडतात आणि स्टँड कपाटावर जाऊन पडतो. दोष बहुतेक वेळा स्टँडचा नसतो. तो एका प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे, पण विकला जातो पूर्ण उत्तर म्हणून. उरलेले अर्धे उत्तर काय, त्याला खर्च किती आणि तो करायचा कोणी, याविषयी…

मूळ अडचण कुठे आहे?

संगणकावर काम करताना शरीराच्या दोन वेगवेगळ्या गरजा असतात. डोळ्यांना पडदा समोर आणि किंचित खाली हवा असतो. हातांना कीबोर्ड कोपराच्या उंचीवर हवा असतो, म्हणजे खांदे न उचलता आणि कोपर अंगालगत ठेवून बोटे चालवता येतात. ताठ बसलेल्या प्रौढ माणसाच्या डोळ्यांच्या आणि कोपराच्या उंचीत साधारण ४५ ते ५० सेंटीमीटरचे अंतर असते. डेस्कटॉपवर हे अंतर सहज सांभाळले जाते, कारण तिथे मॉनिटर वेगळा असतो आणि कीबोर्ड वेगळा.

लॅपटॉपमध्ये हे दोन्ही बिजागरीने एकमेकांना बांधलेले असतात. १४ इंची लॅपटॉपचे झाकण उभे केले, तरी त्याची वरची कड कीबोर्डपासून जेमतेम २०-२२ सेंटीमीटरवर येते. उरलेले २५-एक सेंटीमीटर शरीराला भरून काढावे लागतात. लॅपटॉप टेबलावर ठेवला तर हात ठीक राहतात, पण मान खाली झुकते. तो उचलून ठेवला तर मान सरळ होते, पण हात हवेत जातात. बसण्याची कोणतीही युक्ती केली तरी हा हिशेब सुटत नाही. तो लॅपटॉपच्या रचनेतच आहे.

लॅपटॉप असा घडला कसा?

१९८१ मध्ये आलेला ऑस्बोर्न १ हा सुरुवातीच्या पोर्टेबल संगणकांपैकी एक. वजन सुमारे ११ किलो, पडदा अवघा पाच इंची. उचलून नेता येतो म्हणून पोर्टेबल म्हणायचे इतकेच. पण त्याचे झाकण हाच त्याचा कीबोर्ड होता आणि तो केबलला जोडलेला असल्याने पुढे ओढून घेता येत असे. पुढच्याच वर्षी ब्रिटिश डिझायनर बिल मॉग्रिज यांनी आखलेला ग्रिड कंपास आला. पडदा बिजागरीने कीबोर्डवर मिटवायचा, ही आज ओळखीची असलेली घडी त्यात होती. आठ हजार डॉलरहून जास्त किंमत असलेले हे यंत्र नासाने अवकाशयानातही नेले. १९९१ मध्ये अ‍ॅपलच्या पॉवरबुकने कीबोर्ड पडद्याकडे सरकवला आणि पुढच्या भागात तळहात टेकायला जागा केली. आजचे बहुतेक सगळे लॅपटॉप याच दोन निर्णयांवर उभे आहेत.

प्रवासात वापरायच्या वस्तूसाठी हे निर्णय योग्यच होते. घोळ नंतर झाला. ऑफिसांनी डेस्कटॉप काढून लॅपटॉप दिले आणि तासभर वापरायचे यंत्र दिवसाचे आठ-नऊ तास वापरले जाऊ लागले. मार्च २०२० च्या टाळेबंदीत हिंजवडी, खराडी, ऐरोलीतली हजारो माणसे लॅपटॉप घेऊन घरी गेली. टेबल आणि खुर्ची मात्र ऑफिसातच राहिली. पलंग, सोफा, ओटा, जिथे जागा मिळेल तिथे ऑफिस थाटले गेले. स्टँडची ओळख अनेक घरांना याच काळात झाली.

वाकलेल्या मानेवर खरेच २७ किलोंचा भार पडतो?

हा आकडा समाजमाध्यमांवर सतत फिरतो. तो २०१४ मध्ये न्यूयॉर्कमधील मणक्याचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी मांडलेल्या गणितातून आला आहे. प्रौढ माणसाच्या डोक्याचे वजन साधारण साडेचार ते पाच किलो. मान १५ अंश झुकली की मानेच्या मणक्यावर सुमारे १२ किलो, ३० अंशांत १८ आणि ६० अंशांत २७ किलोंइतका जोर पडतो, असे ते गणित सांगते. मात्र हे संगणकीय प्रारूप होते; जिवंत माणसांच्या मानेत मोजलेले आकडे नव्हेत. शिवाय भार पडणे आणि इजा होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्राझीलमध्ये १८ ते २१ वयोगटातील १५० तरुणांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मोबाइल पाहताना मान झुकवण्याचा आणि मानदुखीचा संबंध आढळला नाही.

तेव्हा ‘मान वाकली की मणका गेला’ ही भीती अवास्तव आहे. पण एकाच स्थितीत तासन्‌तास खिळून राहिले की स्नायू थकतात, हे सांगायला अभ्यासाची गरज नाही. लॅपटॉप त्रास देतो तो याच मार्गाने: मान झुकवायला लावून नव्हे, तर झुकलेली मान दिवसभर तशीच ठेवायला लावून.

स्टँडने काय साधते आणि काय बिघडते?

घडीच्या लाकडी स्टँडवर पोथी किंवा धर्मग्रंथ ठेवून वाचण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. आजच्या अनेक लॅपटॉप स्टँडची इंग्रजी ‘एक्स’ अक्षरासारखी घडी त्याच जातीची. ग्रंथ उचलून डोळ्यांजवळ आणला की मान कमी झुकते. पण पोथी फक्त वाचायची असते, तिच्यावर लिहायचे नसते. पेढीवरच्या मुनीमजींना लिहायचे असे, म्हणून त्यांचे उतरते डेस्क गादीवर बसल्यावर हाताशी येईल इतके बुटके असे.

लॅपटॉपवर वाचायचेही असते आणि लिहायचेही. स्टँडवर ठेवलेल्या लॅपटॉपच्याच कीबोर्डवर टाइप करायला गेले की कोपरे अंगापासून सुटतात, खांदे कानांकडे चढतात. बहुतेक स्टँड लॅपटॉपला पुढे उतारही देतात. त्यामुळे मनगटे मागच्या बाजूला मुडपून टाइप करावे लागते आणि तळहात टेकायला जागा उरत नाही. मानेचा त्रास खांद्यांवर आणि मनगटांवर ढकलला जातो. स्टँड घेतल्यावर दुखणे ‘सरकले’ असे वाटते ते यामुळेच.

म्हणून स्टँडसोबत वेगळा कीबोर्ड आणि वेगळा माउस घेणे ही चैन नव्हे. त्यांच्याविना स्टँड अपुराच राहतो. बाजारात साधा स्टँड काही शे रुपयांत मिळतो, बिनतारी कीबोर्ड-माउसची जोडी साधारण हजार-बाराशेपासून. तारेचे आणखी स्वस्त असतात आणि कामाला तितकेच चांगले. खर्चाची मर्यादा असेल तर महाग स्टँडवर पैसे घालण्यापेक्षा आधी कीबोर्ड आणि माउस घ्यावा. लॅपटॉप उंच करायला घरात काहीही चालते. पूर्वी घरोघरी असणारी जाडजूड टेलिफोन डिरेक्टरी आज असती, तर तिला नवे काम मिळाले असते.

अपवाद एकच. दिवसाचा मोठा भाग व्हिडीओ मीटिंगमध्ये किंवा नुसते वाचण्यात जात असेल, तर एकटा स्टँडही पुरतो. कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर आल्याने समोरच्याला छताचा पंखा आणि बोलणाऱ्याच्या नाकपुड्या दिसत नाहीत, हा वरचा फायदा.

किती उंच हवा?

हे मोजूनच ठरवावे. नेहमीच्या खुर्चीत पाठ टेकवून बसावे, समोर पाहावे आणि टेबलापासून डोळ्यांपर्यंतची उंची कोणाला तरी टेपने मोजायला सांगावी. पडद्याची वरची कड त्या उंचीला किंवा थोडी खाली आली पाहिजे. अमेरिकेतील कामगार सुरक्षा यंत्रणा ‘ओशा’ हेच माप सांगते. पडद्याचा मध्य आडव्या नजरेच्या १५ ते २० अंश खाली आणि पडदा डोळ्यांपासून ५० ते १०० सेंटीमीटर दूर असावा, असेही तिचे मार्गदर्शन आहे. मोजलेल्या उंचीतून लॅपटॉपच्या उभ्या झाकणाची उंची वजा केली की स्टँडची उंची मिळते. ती बरेचदा १५ ते २५ सेंटीमीटरच्या घरात येते. झाकणाचा कोन थोडा मागे असल्याने एक-दोन सेंटीमीटर इकडेतिकडे होतील, त्याची चिंता नको.

आता ऑनलाइन दुकानातले स्टँड पाहिले की एक गोष्ट लक्षात येईल. लॅपटॉपच्या तळाला चिकटवायच्या पातळ घडीच्या पट्ट्या जेमतेम पाच-सात सेंटीमीटर उचलतात. त्यांनी लॅपटॉपखालून हवा खेळते, मानेला मात्र फारसा फरक पडत नाही. पैसे घालण्याआधी चाचणी फुकट करता येते. ए-फोर कागदाचे ५०० पानांचे एक रीम साधारण पाच सेंटीमीटर जाड असते. तीन-चार रीम किंवा तेवढ्या जाडीची पुस्तके रचून आठवडाभर काम करून पाहावे आणि जी उंची सोसेल त्या उंचीचा स्टँड घ्यावा.

पडदा हातभर लांब गेला की अक्षरे बारीक दिसतात आणि माणूस नकळत पुढे झुकतो. मग सगळी मेहनत वाया जाते. त्यासाठी सेटिंगमध्ये जाऊन अक्षरांचा आकार १२५ किंवा १५० टक्के करून घ्यावा.

चाळिशीचा चष्मा असणाऱ्यांनी काय करावे?

हा मुद्दा स्टँडच्या जाहिरातीत येत नाही. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह भिंगांत जवळचे पाहण्याचा भाग खाली असतो. पडदा डोळ्यांच्या पातळीवर आला तर तो वाचायला हनुवटी वर करून भिंगाच्या खालच्या भागातून पाहावे लागते. मान पुढे झुकण्याऐवजी मागे मुडपते आणि हे अधिक त्रासदायक ठरू शकते. अशांनी स्टँड कमी उंचीवर ठेवावा, पडदा थोडा मागे झुकवावा. रोज सात-आठ तास काम असेल तर नेत्रतज्ज्ञाला पडद्याचे अंतर मोजून सांगावे आणि फक्त संगणकासाठी त्या अंतराचा एकाच नंबरचा चष्मा करता येईल का, हे विचारावे.

स्टँड निवडताना काय पाहावे?

‘अर्गोनॉमिक’ हा शब्द खोक्यावर छापायला आपल्याकडे कोणती चाचणी उत्तीर्ण व्हावी लागत नाही. त्यामुळे त्याला भुलू नये. रोज बॅगेत टाकून न्यायचा असेल तर घडीचा, छत्रीसारखा मिटणारा प्लास्टिक किंवा अ‍ॅल्युमिनियमचा हलका स्टँड बरा. तो लॅपटॉपला दोन-चार ठिकाणीच धरतो, म्हणून आपल्या लॅपटॉपची रुंदी आणि जाडी त्यात बसते का ते पाहावे. एकाच जागी ठेवायचा असेल तर दोन सांध्यांचा जड धातूचा स्टँड अधिक स्थिर राहतो. दोन-अडीच किलोंच्या गेमिंग लॅपटॉपला हलका स्टँड डुलतो. पडद्याला बोटाने हलके ढकलले आणि तो दोन सेकंद हलत राहिला तर तो परत करावा. रबरी पट्ट्या आहेत ना आणि लॅपटॉपच्या तळाच्या जाळ्या झाकल्या जात नाहीत ना, एवढे पाहिले की झाले.

कीबोर्ड घेताना मात्र एक बारकावा आहे. उजवीकडे आकड्यांचा वेगळा भाग असलेला रुंद कीबोर्ड घेतला की माउस आणखी उजवीकडे जातो आणि दिवसभर हात ताणलेला राहतो. हिशेबाचे काम नसेल तर आखूड कीबोर्डच बरा.

टेबल, खुर्ची आणि भारतीय बैठक

आपल्याकडचे टेबल, जेवणाचे असो वा ऑफिसचे, साधारण ७५ सेंटीमीटर उंच असते. मध्यम किंवा कमी उंचीच्या व्यक्तीचे, विशेषतः अनेक स्त्रियांचे, कोपर खुर्चीत बसल्यावर ६२ ते ६८ सेंटीमीटरवर येते. म्हणजे स्टँडचा विषय निघण्याआधीच टेबल उंच पडते. टेबल कापता येत नाही, म्हणून खुर्ची वर घ्यावी किंवा बैठकीवर घट्ट उशी ठेवावी. मग पाय लोंबकळतात. त्यांच्याखाली जेवणाचा पाट ठेवला की फूटरेस्ट तयार.

जमिनीवर बसून काम करणेही वाईट नाही. फक्त मापे बदलतात. मांडी घातल्यावर कोपर जमिनीपासून २०-२५ सेंटीमीटरवर असते. चौरंग बहुधा त्याहून थोडा उंच असतो, म्हणून सतरंजीची जाड घडी करून तिच्यावर बसावे. कीबोर्ड चौरंगाच्या कडेला आणि लॅपटॉप त्यावरच पुस्तकांच्या थरावर. पाठीला भिंत किंवा लोड हवा. गुडघे कुरकुरू लागले की उठावे.

पलंगावर मांडीत लॅपटॉप घेऊन काम करणे मात्र सर्वांत वाईट. मान सर्वाधिक झुकते, गादी हवेच्या जाळ्या बंद करते आणि यंत्राची उष्णता थेट त्वचेला लागते. रोज तासन्‌तास असे केल्याने मांडीच्या त्वचेवर जाळीदार तपकिरी डाग पडल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. अमेरिकेत २००५ मध्ये २९ पुरुषांवर झालेल्या चाचणीत, तासभर लॅपटॉप मांडीवर ठेवल्याने अंडकोशाचे तापमान अडीच अंश सेल्सिअसहून अधिक वाढल्याचे दिसले होते. त्यातला बराचसा वाटा मांड्या जुळवून बसण्याचाही होता. तरीही त्यांनी लॅपटॉप टेबलावर ठेवलेला बरा.

सगळे केले, तर दुखणे थांबेल?

खात्री देता येत नाही, आणि जो देतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये. वैद्यकीय पुराव्यांचे परीक्षण करणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१८ मध्ये अशा १५ चाचण्या तपासल्या. त्यांत दोन हजारांहून अधिक कार्यालयीन कर्मचारी होते. हाताला आधार देणे किंवा वेगळ्या धाटणीचा माउस वापरणे याचा मान-खांद्यांना उपयोग होतो की नाही, याबाबतचे निष्कर्ष एकमेकांशी जुळले नाहीत. जास्तीच्या छोट्या सुट्यांनी हाता-खांद्यांचा त्रास कमी होत असल्याचे दिसले, पण पुरावा फारच कमकुवत. नुसत्या प्रशिक्षणाचा परिणाम दिसला नाही.

याचा अर्थ स्टँड निरुपयोगी आहे असा नव्हे. अवघडलेपण कमी होणे आणि आजार टळणे यांत फरक आहे. पहिले साधनांनी होते. दुसऱ्यात कामाचे तास, ताण, झोप, व्यायाम असे बरेच काही गुंतलेले असते. साधने कितीही चांगली असली तरी अर्ध्या-पाऊण तासाने उठून दोन मिनिटे चालणे त्यांनी टळत नाही. फोन आला की उभे राहून बोलणे हा त्यातला सर्वांत सोपा उपाय. डोळ्यांसाठी अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी २०-२०-२० चा नियम सुचवते: दर २० मिनिटांनी, २० फूट दूरच्या वस्तूकडे, २० सेकंद पाहायचे. पडद्याकडे पाहताना पापण्या कमी वेळा मिटतात आणि डोळे कोरडे पडतात, हे त्यामागचे एक कारण.

हाताला मुंग्या येणे, बोटे बधिर होणे, पकड ढिली पडून वस्तू हातातून निसटणे, मानेतून दंडात कळ जाणे किंवा रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, यांपैकी काही असेल तर स्टँडची उंची बदलत बसू नये. डॉक्टरांकडे जावे.

हा खर्च कोणाचा?

युरोपात याचे उत्तर कायद्यात आहे. पडद्यावरील कामाविषयीचा युरोपीय समुदायाचा निर्देश १९९० चा. जर्मनीची कामाच्या जागांविषयीची नियमावली तर आणखी नेमकी आहे: ज्या यंत्रात पडदा आणि कीबोर्ड वेगळे होत नाहीत, ते थोड्या वेळाच्या कामासाठी किंवा दुसरे यंत्र चालणारच नाही अशा कामासाठीच वापरावे, असे ती सांगते. नुसता लॅपटॉप समोर ठेवून दिवसभर काम करून घेणे तिथे नियमात बसत नाही. ब्रिटनमध्ये १९९२ पासूनच्या नियमांनुसार, रोज सलग तासभर किंवा अधिक वेळ पडद्यावर काम करणाऱ्याच्या जागेची तपासणी करणे ही मालकाची जबाबदारी आहे. कर्मचारी घरून काम करत असला तरीही.

भारतात असा तपशिलात जाणारा नियम नाही. १९४८ चा कारखाने अधिनियम कारखान्यांसाठी होता. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात उजेड, हवा, स्वच्छता यांच्या तरतुदी आहेत. पडद्याची उंची किंवा कीबोर्ड त्यात येत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेली २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता कामाची जागा धोकामुक्त ठेवण्याचे सर्वसाधारण कर्तव्य मालकावर टाकते, पण लॅपटॉपपर्यंत पोहोचत नाही. दुकानांत दिवसभर उभे राहणाऱ्यांना बसायला मिळावे, यासाठी केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये कायदा बदलला. दिवसभर बसून असलेल्यांना उठायला मिळावे, हा विषय अजून कोणत्या विधिमंडळापुढे आलेला नाही.

त्यामुळे सध्या सगळे कंपनीच्या धोरणावर अवलंबून आहे. काही कंपन्या घरून काम करणाऱ्यांना साधनांसाठी ठरावीक रक्कम देतात किंवा बिल दाखवल्यावर परत करतात. अनेक कर्मचाऱ्यांना ही सोय असल्याचे माहीतच नसते. रुजू होताना लॅपटॉपची पोच देतो त्याच वेळी कीबोर्ड, माउस आणि स्टँड यांची मागणी मनुष्यबळ विभागाकडे ईमेलने नोंदवता येते. दुखणे आधीच सुरू झाले असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी जोडावी. फ्रीलान्स काम करणाऱ्यांना आणि विद्यार्थ्यांना मात्र स्वतःच्या खिशात हात घालावा लागतो. त्यांनी पुस्तकांचा थर आणि तारेचा साधा कीबोर्ड-माउस यांपासून सुरुवात करावी. स्टँड नंतर घेतला तरी चालतो.